पायलटच्या शेजारी

मी काय नोकरी करतो हे लोकांना समजावून सांगण्यात माझे जेवढे श्रम खर्च झाले, तेवढे प्रत्यक्ष नोकरीतही झाले नसतील. लग्नाच्या वेळची गोष्ट. मुलीच्या मामांनी विचारले, "डॉक्टर म्हणजे दवाखाना कुठे आहे?"

"दवाखाना असा एका जागी नाही," मी म्हणालो. "हिंडता आहे."

मामांचा चेहरा पडला. हिंडता दवाखाना म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे जत्रेत दात काढणारा आणि जडीबुटी विकणारा उभा राहिला असणार. तेवढ्यात आमची आई मदतीला धावून आली. म्हणाली, "पण त्याच्या हाताखाली पायलट असतो हो!"

यात खोटे काही नव्हते. २०१४ साली महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली, तेव्हा ९३७ गाड्या रस्त्यावर आल्या आणि त्या गाड्यांच्या ड्रायव्हरांचे कागदोपत्री नामकरण 'पायलट' असे झाले. परदेशात माझ्या जागी बसणाऱ्या माणसाला पॅरामेडिक म्हणतात. तो डॉक्टर नसतो, पण त्याला सगळे येते. आपल्याकडे त्या जागी डॉक्टर बसवतात. सगळे येते की नाही ते ज्याच्या त्याच्या नशिबावर. मी आयुर्वेदाचा पदवीधर. वडिलांनी वाईत बाजारपेठेत एक गाळाही हेरून ठेवला होता. पण मी गाडीत जाऊन बसलो, तो आजतागायत बसलो आहे. मामा मात्र पायलट या शब्दावर विरघळले आणि लग्न जमले. पुढे सहा महिन्यांनी त्यांनी मला बाजूला घेऊन विमानाच्या तिकिटात काही सवलत मिळते का, असे हळूच विचारले.

तसे पाहिले तर पायलट हा शब्द अगदीच वावगा नाही. १७९० च्या दशकात फ्रेंच सैन्यात लारे नावाचा एक शल्यवैद्य होता. लढाई संपेपर्यंत जखमी शिपाई रणांगणावर तसेच पडून राहत, ते त्याला बघवेना. त्याने घोड्यांच्या हलक्या गाड्या तयार करून घेतल्या आणि ऐन लढाईत आत घुसून जखमींना उचलून आणायला सुरुवात केली. त्या गाड्यांना म्हणत 'उडत्या ॲम्ब्युलन्स'. त्यांच्या गाडीवानाला पायलट म्हणायचे आणखी कोणाला सुचले नाही एवढेच. पाऊस संपल्यानंतरच्या आमच्या काही रस्त्यांवरून गाडी हाकताना तर चारही चाके एकदम जमिनीवर असण्याचे क्षण इतके थोडे असतात, की विमान कंपन्यांनीही आमच्या माणसाला परवाना द्यायला हरकत नाही.

आमच्या गाडीविषयी लोकांच्या कल्पना आहेत त्या अशा. बॉनेटवर इंग्रजी अक्षरे उलटी काढलेली असतात. पुढच्या वाहनाच्या आरशात ती सुलटी दिसावीत हा हेतू. पण आमच्या भागात आरशात फक्त केस विंचरायचे असतात. एका सरपंचांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारून मला विचारले, "पेंटर लई प्यालेला हुता का वो?" म्हाताऱ्या बायका १०८ हा आकडा पाहून हात जोडतात. जपमाळेत मणी १०८, म्हणजे गाडी देवाची. मी सुरुवातीला खुलासा करीत असे. पुढे सोडून दिला. निदान कोणीतरी हात जोडते आहे.

आता फोन. फोन पुण्याला जातो, तिथून आम्हाला येतो आणि मग आम्ही फोन करणाऱ्याला उलट फोन करतो. त्या संभाषणाचा एक नमुना देतो.

"कुठून बोलताय?"

"घरनं."

"गाव कुठलं?"

"आमचंच."

"अहो, नाव काय गावाचं?"

"वाडी."

वाई तालुक्यात नुसते 'वाडी' म्हणून गाडी काढायची म्हणजे पंढरपुरात 'विठ्ठल कोण?' म्हणून हाक मारण्यासारखे आहे. मग खूण विचारायची. खूण नेहमी मारुतीचे देऊळ. ज्या गावात मारुतीचे देऊळ नाही असे गाव मी अजून पाहिलेले नाही. आणि शेवटी, "तुम्ही या तर खरं, आम्ही बॅटरी घिऊन हुबं हाय." रात्री दोन वाजता धोम धरणाच्या पाण्याच्या कडेने गाडी चालली असताना समोरच्या डोंगरावर तीन ठिकाणी बॅटऱ्या हलताना दिसतात. एक आपला, एक रानडुकरे हाकणारा आणि तिसरा कोण ते देव जाणे.

गाडीत ऑक्सिजन असतो, घशातला कफ ओढायचे यंत्र असते, मोडलेल्या हाडांना बांधायच्या पट्ट्या असतात, बाळंतपणाचे सामान असते. शिवाय माझे स्वतःचे म्हणून आयुर्वेदाचे ज्ञान असते. ते वापरण्याचा मी प्रयत्न केला नाही असे नाही. आम्हाला शिकवले होते, की वाताची नाडी सापासारखी चालते, पित्ताची बेडकासारखी आणि कफाची हंसासारखी. पाचगणीहून पेशंट घेऊन पसरणीचा घाट उतरताना मी पहिल्यांदा नाडी पाहिली, ती स्पष्ट बेडकासारखी उड्या मारीत होती. दुसऱ्याची पाहिली, तीही बेडूक. तिसऱ्या खेपेला सहज स्वतःची पाहिली. ती तर सगळ्यांहून मोठा बेडूक! तेव्हापासून बोटाला चिमटा लावून आकडा दाखवणाऱ्या यंत्रावर माझा विश्वास बसला.

पण मला सांगायचे आहे ते आमच्या पायलटबद्दल. त्यांना सगळे आण्णा म्हणतात, मीही म्हणतो. वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. आधी वीस वर्षे भुईंजच्या कारखान्याला उसाचा ट्रक चालवला. त्यामुळे सुरुवातीला मागे माणूस झोपवला आहे हे त्यांच्या लक्षात राहत नसे. नंतर मात्र असा हात बसला, की खड्डा आला तर रस्ताच सरकून बाजूला होतो की काय असे वाटावे.

आण्णांना एकच खोड. ते बोलताना वाक्यातला कर्ता गाळतात. शाळेत गुरुजींनी 'कर्ता ओळखा' म्हणून ज्या वाक्यांनी आमचा जीव घेतला, ती बहुधा आण्णांनीच बोललेली असावीत. सकाळी भेटले की म्हणणार, "आलंय." काय आलंय? डिझेल, पगार, जावई, की ढग? "बसलंय." कोण बसलंय? एकदा छातीत कळ येणाऱ्या एका आजीबाईंना घेऊन निघालो होतो. बरोबर दोन सुना, एक लेक. घाटाच्या वळणावर पुढून आण्णांचा आवाज आला, "गेलं!"

त्यांना म्हणायचे होते मोबाइलचे नेटवर्क. पण आमच्याकडे म्हातारे माणूसही नपुंसकलिंगीच असते. मागे जो आकांत सुरू झाला! लेकीने आजीच्या अंगावर स्वतःला झोकून दिले. धाकट्या सुनेने कपाळ बडवून घेतले. शेवटी आजीबाईंनीच तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क वर करून विचारले, "कोण गेलं गं?"

आमच्या धंद्यात एक चमत्कारिक गोष्ट आहे. आम्हाला शेवट माहीत नसतो. सिनेमाला पाट्या संपल्यावर शिरायचे आणि मध्यंतराच्या आत उठायचे. माणूस आजारी का पडला, घरात काय भांडण झाले, विहिरीत पाय घसरला की घसरवला, हे आधीचे आम्हाला ठाऊक नाही. आणि साताऱ्याला मोठ्या इस्पितळाच्या दारात स्ट्रेचर आत ढकलले, कागदावर सही घेतली, की पुढचे ठाऊक नाही. कुलुपासारखा दातखिळी बसलेला, मण्यार चावलेला शेतमजूर. पोटात कळा असताना गाडीतल्या पंख्याची तक्रार करणारी मुलगी. हात कापून घेतलेला आणि गाडीत फक्त आईला सांगू नका एवढेच म्हणणारा कॉलेजातला पोरगा. यांचे पुढे काय झाले? एवढ्यात दुसरा फोन येतो. माणूस आहे मी, उत्सुकता असते. नुसती उत्सुकताही नाही. आपण केले ते बरोबर केले का, एवढे तरी कळावे की नाही?

ही सोय आण्णांनी करून ठेवली होती. साताऱ्याला पेशंट उतरवला, की मी गाडी आवरायला घ्यायचो आणि आण्णा "पिऊन येतो" म्हणून निघून जायचे. चहा, हे आपण समजून घ्यायचे. चहाला पंचवीस मिनिटे. मी चिडत असे. मग एकदा कळले, की चहाला पाच मिनिटे लागतात आणि बाकीच्या वीस मिनिटांत ते वॉर्डात जाऊन आधीच्या खेपेच्या पेशंटांची चौकशी करून येतात. वॉचमनपासून आयाबाईंपर्यंत सगळ्यांशी त्यांची तंबाखूची देवघेव.

"मण्यारवाल्याचं काय?" मी विचारायचो.

"पेज दिलीवती."

"आणि ती बाळंतीण?"

"पेढं वाटलं."

आण्णांच्या बातमीत प्रत्येकाच्या हातात काहीतरी खाण्याचे असायचेच. मी बायकोला म्हणालोही, की आमच्या गाडीने गेलेली माणसे आजारातून उठतात की नाही सांगता येत नाही, पण जेवतात हे नक्की. एखादा असा असायचा, की त्याच्याबद्दल आण्णा म्हणत, "निवांत झोपलंय." मी म्हणायचो, बरे झाले, झोप हेच मोठे औषध.

आता आबांची गोष्ट. पहाटे चारचा फोन. धरणाच्या पलीकडच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे. गाडी खाली ओढ्याशी ठेवून बांधाबांधाने वर चढावे लागते. आम्ही पोचलो तेव्हा आबा ओट्यावर आडवे झालेले, आणि भोवती अर्धी वाडी. कोणी कांदा फोडून नाकाशी धरलेला, कोणी तळपाय चोळतोय. मी मानेला बोटे लावली. ना साप, ना बेडूक, ना हंस.

अशा वेळी छाती दाबायची असते. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, मोठ्या माणसाची छाती निदान पाच सेंटिमीटर खाली गेली पाहिजे. तीस वेळा दाबायचे, दोनदा फुग्याने श्वास द्यायचा, पुन्हा तीस. वाचायला सोपे वाटते. पाच सेंटिमीटर म्हणजे किती, हे माणसाच्या छातीवर पाहिल्याशिवाय कळत नाही. चौथ्या-पाचव्या दाबाला बरगडी मोडल्याचा आवाज आला. तो आवाज ओट्याखालीही ऐकू गेला.

"आवो, मारताय का काय म्हाताऱ्याला?" एक तरुण पुढे आला. आण्णांनी एका हाताने त्याला मागे सारले आणि म्हणाले, "थांबलंय. चालू करतोय." या एका वेळी मात्र कर्ता सगळ्यांना समजला.

दोन मिनिटांनी हात बदलायचे, कारण दमलेला माणूस दाबल्यासारखे करतो, दाबत नाही. आण्णांनी जागा घेतली. ते मोजू लागले, "लाभ, दोन, तीन, चार..." खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. आण्णांनी जन्मभर तसेच मोजलेले. शिबिरात हे शिकवत नाहीत. माझ्या पाळीला मीही 'लाभ' म्हणूनच सुरुवात केली, कारण दुसरे काही आठवेना.

झटका देणारे यंत्र छातीला चिकटवले. ते इंग्रजीत बोलते, बाईच्या आवाजात, अगदी थंडपणे. गर्दीतून प्रश्न आला, "ही बाई कोण?" बाई सांगत होती, कोणी हात लावू नका. मी ओरडलो, "लांब व्हा!" एक झटका. पुन्हा दाबणे. दुसरा झटका. पुन्हा लाभ, दोन, तीन. आणि मग माझ्या बोटांखाली काहीतरी हलले. मला आधी वाटले, माझीच बोटे थरथरताहेत. नंतर आबांनी खोकल्यासारखे केले.

स्ट्रेचर उचलायला चौघे आले. आमच्याकडे चौघांना उचलायची सवय असते ती दुसऱ्याच कामाची. त्यांनी ते सरळ खांद्यावर घेतले. "हाताने! हाताने!" म्हणत मी बांधावरून पुढे उलटा चालत होतो. पाचवडला महामार्ग लागला तेव्हा उजाडले होते. साताऱ्याला दारात पोचलो, तेव्हा आबांची नाडी चालू होती. कसली होती ते मी पाहिले नाही. चालू होती.

त्यानंतरच्या खेपांना मी आण्णांना आवर्जून विचारत असे. पहिल्या खेपेला म्हणाले, "डोळं उघडल्यात." दुसऱ्या खेपेला, "निवांत झोपलंय." मग पंधरा-सोळा दिवस गेले आणि एका सकाळी आपणहून सांगितले, "आबांच्याकडं जाऊन आलो. खपलीची खीर केलीवती. दोन वाट्या खाल्ली."

दोन वाट्या! पहाटे चार वाजता नाडी नसलेला माणूस खपली गव्हाची खीर दोन वाट्या खातो! मी त्या दिवशी घरी पेढे नेले. आणि मग ही गोष्ट मी सांगत सुटलो. बायकोला सांगितली, सासुरवाडीला सांगितली, ढोल्या गणपतीच्या घाटावर संध्याकाळी बसणाऱ्या मंडळींना सांगितली, मामांना तर विमानाची आशा सोडायला लागावी इतक्यांदा सांगितली. सांगता सांगता खिरीच्या वाट्या दोनाच्या तीन झाल्या आणि तिच्यावर तूपही आले. वडिलांनी बाजारपेठेतल्या गाळ्याचा विषय काढला, की मी खिरीचा काढीत असे.

आठ महिन्यांनी त्याच वाडीवरून फोन आला. एक पोरगे आंब्यावरून पडून हात मोडून बसले होते. आण्णा खाली ओढ्याशी गाडी वळवीत राहिले, मी एकटा वर गेलो. हात पट्टीत बांधला. पोराची आई कपडे बांधून घेत होती, तेवढ्यात शेजारच्या ओट्यावरून हाक आली, "डाक्टर, च्या घ्या."

आबांच्या मालकीणबाई. मी ओळखले. मोठ्या उमेदीने ओट्यावर चढलो आणि विचारणार, आबा कुठे आहेत, तोच भिंतीवरचा फोटो दिसला. फोटोला चंदनाचा हार.

"बसा," त्या म्हणाल्या. "तुमी नेलं, त्याच्या दुसऱ्या दिशी सांजच्याला गेलं."

मी कपबशी हातात धरून राहिलो.

"शुद्धीवर आल्तं दुपारी. थोरला माथाडीत हाय न्हवं मुंबैला, त्यो यिऊन पोचला तवर. वळखलं त्याला. छातीत लई दुखतंय म्हनलं. त्याला इचारत हुतं, मला मारलं कुनी म्हनून." त्या हसल्या की काय केले ते मला नीट समजले नाही. "थोरला म्हनला, आबा, डाक्टरनं. तर म्हनलं, कशापायी? मी काय केल्तं त्याचं?"

मी चहाचा घोट घेतला. साखर भरपूर होती.

"तुमचं डायवर तेराव्याला आल्तं की," त्या म्हणाल्या. "तुमी न्हाई आला. म्हनलं, डाक्टरला कुठला टाइम! खीर केलीवती खपलीची. त्यास्नी लई आवडली."

दोन वाट्या खाल्ली. कर्ता ओळखा.

खाली उतरताना पोरगे माझ्यापुढे चालत होते, आणि मी मनातल्या मनात आण्णांची जुनी वाक्ये एकेक काढून पाहत होतो. पेज दिलीवती. कोणाला? पेढं वाटलं. ते बहुतेक खरे असावे. पेढ्यांत दुसरा अर्थ बसत नाही. निवांत झोपलंय. निवांत झोपलंय. किती वेळा म्हणाले होते आण्णा हे? मोजायला सुरुवात केली ती 'लाभ' म्हणूनच, आणि तीनवर सोडून दिली. एक मात्र आहे. इतक्या वर्षांत त्या माणसाने मला एकही खोटे वाक्य सांगितलेले नव्हते. डोळे उघडलेच होते. खीर केलीच होती. खाल्लीही होती.

आण्णांनी गाडी तोंड फिरवून तयार ठेवली होती. मी पोराला आणि त्याच्या आईला मागे बसवले, हात उशीवर नीट ठेवला. नियमाप्रमाणे मी मागेच बसतो, पण मधली खिडकी उघडी असते. धरणाच्या कडेचा रस्ता लागल्यावर आण्णांनी आरशातून माझ्याकडे बघितले.

"वर गेला हुता का, त्यांच्याकडं?"

"गेलो होतो."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. दोन खड्डे बाजूला सरकले.

"काय म्हनत हुत्या?"

"चहा केला होता," मी म्हणालो. "प्यायलं."

"गोड हुता?"

"गोड होता."

आण्णांनी मान हलवली आणि गिअर बदलला. पोरगे म्हणाले, भोंगा वाजवा की. हात मोडलेल्याला भोंगा लागत नाही, पण आण्णांनी वाईच्या पुलापर्यंत वाजवला.